शाळा निघाली कुरणात

पाऊस उघडला, की ठाणे जिल्ह्यातल्या प्राथमिक शाळांची खरी परीक्षा सुरू होते. जून-जुलैत गळकी कौले आणि भरलेले ओढे सांभाळत कसाबसा पट भरतो, श्रावणात मुले बऱ्यापैकी टिकतात, आणि मग अश्विन उजाडतो. हळवे भात पिवळे पडू लागते. माळावरचे गवत कमरेला लागते. उभ्या पिकात गुरे शिरू नयेत म्हणून राखणीला घरातले एक पोर लागते. आईबाप कापणीला गेले, की तान्ह्याला सांभाळायला दुसरे लागते. सहामाही परीक्षा तोंडावर आलेली असते, आणि नेमक्या त्याच वेळी वर्गातल्या बसकरपट्ट्या रिकाम्या दिसू लागतात.

भिवंडी-कल्याण रस्त्यालगतचे टेमघर आता शहरात मिसळून गेले आहे. यंत्रमागांची खडखड आणि इमारतींची दाटी यांत जुने गाव शोधावे लागते. पण ऋतूचा हा हिशेब तिथूनही पुरता गेलेला नाही. दिवाळीच्या सुट्टीत यंत्रमाग कामगारांची कुटुंबे गावी जातात आणि सुट्टी संपली तरी सगळी वेळेवर परततातच असे नाही. दिवाळी सरली, की भिवंडी तालुक्यातल्या वीटभट्ट्या पेटतात आणि जव्हार-मोखाड्याकडची कातकरी, वारली कुटुंबे मुलाबाळांसह भट्टीवर उतरतात. ज्या शाळेतून ही मुले निघाली तिथे ती गैरहजर असतात, आणि ज्या गावात ती पोचली तिथल्या हजेरीपटावर त्यांचे नावच नसते. शरद ऋतू आला की शाळा आणि मूल यांची अशी चुकामूक होते. ती काल होती, आजही आहे.

या चुकामुकीचा दोष मुलाला किंवा त्याच्या आईबापांना देणे सोपे असते. बहुतेकांनी तेच केले. एका बाईंनी मात्र प्रश्न उलटा घातला. मूल शाळेत का येत नाही, हे विचारण्याऐवजी शाळा मुलाकडे का जात नाही, असे त्यांनी स्वतःला विचारले आणि उत्तर शोधण्यासाठी उतारवयातली पंचवीसेक वर्षे खर्ची घातली. त्या म्हणजे ताराबाई मोडक. आज देशाच्या वाड्यावस्त्यांवर पोचलेला ‘अंगणवाडी’ हा शब्द त्यांच्या कामातून आला. शब्द सगळ्यांना ठाऊक आहे. तो ज्या अंगणात जन्मला ते अंगण मात्र फारसे कुणाला आठवत नाही.

सुधारकाच्या घरातली मुलगी

ताराबाईंचा जन्म 19 एप्रिल 1892 रोजी मुंबईत झाला. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते. त्यांनी एका विधवेशी विवाह केला होता. त्या उमाबाई ताराबाईंच्या आई. ज्या काळात असा विवाह करणाऱ्याच्या घरी पाणी पिणेही लोक टाळत, त्या काळात ही मुलगी वाढली. समाज एखाद्याला पंगतीबाहेर बसवतो म्हणजे काय करतो, हे तिला पुस्तकातून शिकावे लागले नाही.

इंग्रजी शाळा, मग महाविद्यालय, आणि 1914 मध्ये मुंबई विद्यापीठाची बी. ए. ही पदवी. त्या काळी पदवीधर मराठी स्त्रिया अगदी मोजक्या होत्या. पुढे अमरावतीचे वकील कृष्णराव मोडक यांच्याशी विवाह झाला. वऱ्हाडातला हा संसार बाहेरून सुखाचा दिसे. घर होते, मानमरातब होता, गावातल्या सुशिक्षित मंडळींत ऊठबस होती. पण तो टिकला नाही. 1921 च्या सुमारास ताराबाई लहानग्या मुलीला घेऊन वेगळ्या झाल्या. घटस्फोट हा शब्दही ज्या समाजात दबक्या आवाजात उच्चारला जाई, तिथे एका पदवीधर स्त्रीने मुलीला कडेवर घेऊन स्वतःच्या पायावर उभे राहायचे ठरवले.

त्यांना राजकोटला काम मिळाले. तिथल्या बार्टन स्त्री अध्यापन विद्यालयाच्या त्या प्राचार्य झाल्या. एरवी गोऱ्या बाईंकडे जाणारे हे पद एका हिंदी स्त्रीकडे आले होते. पगार चांगला, बंगला, नोकरचाकर, सगळे यथास्थित. पण घरात लहान मूल होते, आणि ते कसे वाढवावे हा प्रश्न रोजचा होता. बालशिक्षणाविषयी जे मिळेल ते त्या वाचू लागल्या आणि त्या वाचनातून शेजारच्या भावनगरात चाललेल्या एका प्रयोगाची त्यांना माहिती झाली.

भावनगर ते दादर

भावनगरला गिजुभाई बधेका यांनी 1920 मध्ये दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले होते. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करता करता ते मारिया माँटेसोरींच्या ग्रंथांपर्यंत पोचले आणि वकिली सोडून मुलांत रमले. छडी नाही, बक्षीस नाही, धाक नाही. मुलाने आपल्या हाताने, आपल्या गतीने शिकायचे, हा त्यांचा रस्ता. ताराबाईंनी हे काम पाहिले आणि 1923 मध्ये राजकोटची नोकरी सोडून त्या भावनगरला आल्या. पगार घटला, बंगला गेला. त्यांच्या आयुष्यातला हा दुसरा मोठा त्याग, पण त्यागाची भाषा त्यांनी कधी वापरल्याचे दिसत नाही. त्यांना हवे ते काम मिळाले होते.

1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. गिजुभाई आणि ताराबाई यांनी मिळून पालकांसाठी, शिक्षकांसाठी आणि मुलांसाठी पुष्कळ लिहिले. ‘शिक्षणपत्रिका’ हे मासिक गुजरातीत निघत होते. त्याची मराठी आवृत्ती पुढे ताराबाईंनी चालवली. घराघरांतल्या आयांना मुलाकडे नव्याने पाहायला शिकवण्याचे काम या छोट्या मासिकाने वर्षानुवर्षे केले.

1932 मध्ये ताराबाईंनी भावनगर सोडले. 1936 मध्ये दादरला त्यांचे ‘शिशुविहार’ उभे राहिले आणि त्याला जोडून बालशिक्षकांना तयार करणारे अध्यापन मंदिरही सुरू झाले. दादरच्या मध्यमवर्गीय घरांतून मुलांचा ओघ सुरू झाला. काम गाजले. एखाद्याने इथेच समाधान मानले असते.

ताराबाईंना मात्र एक गोष्ट बोचत होती. माँटेसोरींनी आपले पहिले बालगृह 1907 मध्ये रोमच्या सान लोरेन्झो या गरीब कामकऱ्यांच्या वस्तीत उघडले होते. आईबाप कामावर गेले की चाळीच्या जिन्यांत धुडगूस घालणारी ती मुले. त्यांच्यासाठी जन्मलेली पद्धत हिंदुस्थानात आली ती गुळगुळीत लाकडी साधने, रंगीत मणी आणि भक्कम फी घेऊन. गरिबांच्या अंगणातले रोप श्रीमंतांच्या कुंडीत लागले होते. ते पुन्हा अंगणात कसे लावायचे, हा ताराबाईंपुढचा प्रश्न होता.

ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि महात्मा गांधींची मूलोद्योगी शिक्षणाची कल्पना देशापुढे आली. पुढे 1944-45 मध्ये नई तालीमच्या कक्षेत सात वर्षांखालची मुलेही आली, आणि खेड्यातल्या बालशिक्षणाचा विचार करणाऱ्यांत ताराबाईंचे नाव अपरिहार्यच होते. खेड्यात फुकट किंवा कवडीमोलाने मिळणाऱ्या वस्तूंवर उभे राहील असे बालशिक्षण हवे होते. ते मुंबईत बसून कागदावर लिहिता आले असते. ताराबाई खेड्यात राहायला गेल्या. त्यांचे वय तेव्हा 53 होते.

1945 चा शरद

त्यांनी निवडले ते बोर्डी. ठाणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, समुद्रकाठी, चिकूच्या वाड्यांत वसलेले गाव. आचार्य भिसे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांमुळे तिथे शिक्षणाची आणि आदिवासी सेवेची हवा आधीपासून होती. मुंबईच्या गाडीने गाव जोडलेले होते. आणि गावाच्या पूर्वेला डोंगराकडे वारल्यांचे पाडे पसरलेले होते.

त्या पाड्यांवर ते वर्ष मोठ्या उलथापालथीचे होते. सायमिंग्टन या अधिकाऱ्याने काही वर्षांपूर्वी सरकारला दिलेल्या अहवालात या भागातली वेठबिगार उघडी पाडली होती. लग्नासाठी काढलेल्या चार पैशांच्या कर्जापायी वारली तरुण बायकोसह सावकाराच्या दारी राबे. त्याला लग्नगडी म्हणत. 1945 मध्ये किसान सभेच्या लाल बावट्याखाली, शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाने वारल्यांनी वेठीला नकार दिला. पावसाळा सरला आणि गवतकापणीचा हंगाम आला. मुंबईच्या तबेल्यांना जाणाऱ्या या गवतावर जमीनदार आणि व्यापारी गबर होत होते, आणि कापणाऱ्याच्या हाती काही आणे पडत होते. मजुरांनी दर वाढवून मागितला, कापणी थांबली. ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात पाच जण ठार झाले.

त्याच 1945 मध्ये ताराबाईंचे ग्राम बाल शिक्षा केंद्र बोर्डीला सुरू झाले. या दोन घटनांचा परस्पर संबंध नव्हता. लाल बावट्याची माणसे आणि गांधीविचाराची माणसे एकमेकांकडे संशयानेच पाहत. पण आज मागे वळून पाहताना दोन्हीकडे एकच मूल दिसते. गवत कापणाऱ्या बाईच्या पाठीशी जे तान्हे रडत होते, जमीनदाराची गुरे जे पोर राखत होते, त्याच्या आईबापांच्या मजुरीसाठी एकीकडे लढा चालला होता, आणि त्याच्या हातात खेळणे कोण देणार हा प्रश्न दुसरीकडे विचारला जात होता. एकाने दुसऱ्याची जागा भरून निघत नव्हती. मजुरी वाढली म्हणून अक्षर येत नाही, आणि अक्षर आले म्हणून पोट भरत नाही. दोन्ही लागतात, हे त्या भागाने पुढच्या काळात पुरते अनुभवले.

शब्द जन्मला तो असा

बोर्डीला ताराबाईंना एक जन्माची सोबत मिळाली. अनुताई वाघ त्यांच्याहून अठरा वर्षांनी लहान. तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत वैधव्य, आणि त्यानंतर जिद्दीने शिकून शिक्षिका झालेली ही बाई 1945 मध्ये ताराबाईंबरोबर बोर्डीला आली ती कायमचीच. ताराबाईंनी विचार करायचा, मांडणी करायची, लिहायचे. अनुताईंनी ते पाड्यावर नेऊन कसाला लावायचे आणि काय जमले, काय फसले ते परत येऊन सांगायचे. पुढची जवळपास तीन दशके हा संवाद चालला.

बालवाडी उघडली, साधने मांडली, आणि मुले आली ती गावातल्या बऱ्या घरांतली. हरिजन वस्तीतली आणि आदिवासी पाड्यावरची मुले काही येईनात. बोलावणी गेली, समजूत घालून झाली. मुले घाबरत होती, आयांना वेळ नव्हता, आणि सवर्णांच्या मुलांशेजारी आपले पोर बसेल यावर कुणाचा विश्वास नव्हता. इथे सुधारकाच्या घरी वाढलेल्या बाईंना कळले, की दार उघडे ठेवणे पुरेसे नसते. उंबरठा ओलांडण्याचे ओझे आपण त्या चार वर्षांच्या पोरावर टाकतो आहोत.

मग उंबरठाच काढून टाकला. शिक्षिका वस्तीत गेल्या आणि कुणाच्या तरी घरापुढच्या सारवलेल्या अंगणात बसल्या. पोरांना न्हाऊ-माखू घातले, केस विंचरले, नखे कापली, गाणी म्हटली, गोष्टी सांगितल्या. जवळ काय होते? समुद्रावरचे शंखशिंपले, चिंचोके, काचकुयऱ्या, नदीतले गोटे, पाने, माती. माँटेसोरींच्या महागड्या मण्यांनी जे साधते ते चिंचोक्यांनी साधता येते. मोजणे ते मोजणेच. आया घरकाम करता करता हे पाहत होत्या. काही दिवसांनी त्या जवळ येऊन बसू लागल्या. मध्यवर्ती बालवाडी वेगळी, आणि ही अंगणातली बालवाडी वेगळी. अंगणात भरते ती अंगणवाडी. शब्द असा सरळ, घरगुती वाटेने आला.

टेकडीवरची विकासवाडी

खऱ्या अर्थाने आदिवासींच्या मध्ये जायचे तर बोर्डीही पुरेसे नव्हते. 1957 मध्ये केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले. ताराबाई तेव्हा पासष्टीला आलेल्या. तोवर त्या मुंबई राज्याच्या विधिमंडळाच्या सदस्य राहून आल्या होत्या, शिक्षणविषयक समित्यांवर त्यांचा शब्द चालत होता. अशा वयात लोक शहरातल्या घरी परततात. या बाई टेकडी चढल्या.

कोसबाडला प्रश्न वेगळाच निघाला. इथे शाळकरी वयाची मुलगी शाळेत येत नव्हती, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड होते. तिला शाळेत यायचे तर भावंडालाही आणावे लागे, आणि तान्ह्याला वर्गात कोण घेणार? ताराबाईंनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा ही तिन्ही एकाच आवारात आणली. तान्हे पाळण्यात, मधले बालवाडीत, थोरली वर्गात. थोरलीचा जीव धाकट्यावर असतो, तर मधल्या वेळेत तिने येऊन त्याला पाहावे. त्यातही शिक्षण आहे. या जोडशाळेचे नाव ‘विकासवाडी’.

आज वाचताना यात विशेष काय, असे वाटेल. पण 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षे हा शिक्षणाचा एक सलग टप्पा मानला, बालवाडी आणि पहिली-दुसरी यांच्यामधली भिंत पाडायला सांगितले, तेव्हा देशभर ती नवी गोष्ट म्हणून सांगितली गेली. कोसबाडच्या टेकडीवर ती भिंत मुळात बांधलीच नव्हती. बांधली असती, तर कडेवर पोर घेतलेली ती मुलगी भिंतीच्या बाहेर राहिली असती.

गुरांमागे शाळा

तरीही काही मुले उरली. तीच ती, अश्विनात बसकरपट्टी रिकामी करून जाणारी. सात-आठ वर्षांचा मुलगा झाला, की त्याच्या हाती काठी येते आणि तो गुरांमागे निघतो. सकाळी गेला तो दिवेलागणीला परततो. त्याला दिवसाची शाळा नाही आणि रात्री तो पेंगतो. रात्रशाळा काढून पाहिली तरी हे मूल सुटतच होते. भाताची कणसे भरली, की राखणीचे काम आणखी जोखमीचे. गुरू शेतात शिरले तर मार आणि भांडण दोन्ही.

कुरणशाळा निघाली ती या मुलासाठी. शिक्षकाने पुस्तकांची, साधनांची झोळी खांद्याला लावायची आणि गुरे जिथे चरतात तिथे जायचे. गुरे पांगली की धडा थांबणार, गुरे स्थिरावली की पुन्हा सुरू होणार. घंटा नाही, तास नाही, भिंतीवरचा फळा नाही. झाडाची सावली हा वर्ग. शरदातल्या कुरणाइतका भरलेला वर्ग तरी कुठला? गवताच्या किती जाती, कुठली गुरे खातात, कुठली सोडतात, हे त्या मुलाला शिक्षकापेक्षा जास्त कळत होते. पाखरे, कीटक, पाने, दगड, ओढ्याचे उतरते पाणी, सकाळ-संध्याकाळची सावली. त्याला जे येते तिथून सुरुवात करायची आणि अक्षर, अंक, नकाशा इथवर न्यायचे. प्रमाण मराठी ही त्याच्या कानाला परकीच होती. मग वारली बोलीतले शब्द शिक्षकाने शिकायचे. जो मुलगा वर्गात बुजरा आणि मठ्ठ ठरला असता, तो कुरणात जाणकार ठरत होता.

हे करताना गावाचे वर्षही शाळेला कळत गेले. वाघबारशीला गुराखी वाघदेवाची पूजा करतात. तो त्यांचा सण आहे, त्या दिवशी शाळेने त्यांच्यात मिसळावे. नवे भात घरात आले, तारप्याचा सूर घुमू लागला, की रात्रभर नाच चालणार. दुसऱ्या दिवशी पोर डुलक्या घेणार, तर त्यात रागावण्यासारखे काय आहे? शहरी शाळेला हे अडथळे वाटतात. ताराबाईंच्या दृष्टीने शाळा ही गावच्या जगण्याचा एक भाग होती, आणि भागाने पूर्णाशी जुळवून घ्यायचे असते. या प्रयोगावर त्यांनी पुस्तकही लिहिले; कुरणशाळेची कल्पना त्यातून महाराष्ट्राबाहेर गेली.

एक रास्त आक्षेप

या प्रयोगावर एक आक्षेप घेता येतो आणि तो रास्त आहे. गुरे राखणाऱ्या मुलाला कुरणात शिकवणे म्हणजे त्याने गुरे राखावीत हे मान्य करणे नव्हे काय? मुलाला कामातून सोडवायचे, की कामाच्या जागी जाऊन चार अक्षरे द्यायची? 2009 मध्ये झालेल्या शिक्षण हक्काच्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला पूर्णवेळ शाळेचा हक्क दिला. त्या कसोटीवर कुरणशाळा तोकडी ठरते.

पण आक्षेपाचे वजन मान्य करूनही एक गोष्ट उरते. कायदा हक्क देतो आणि थांबतो. त्या सकाळी गुरांमागे गेलेले मूल मात्र कायदा पोचेपर्यंत थांबत नाही. ते मोठे होत जाते. बालपण ही काही पुढच्या अर्थसंकल्पापर्यंत राखून ठेवता येणारी वस्तू नाही. ताराबाईंनी गरिबीला तत्त्वज्ञान केले नाही. पाळणाघर काढून त्यांनी मुलीच्या कडेवरचे ओझे उतरवलेच होते. जिथे ओझे उतरवता आले तिथे उतरवले, आणि जिथे आले नाही तिथे त्या मुलाला एकटे सोडले नाही. कुरणशाळा हा शेवटचा मुक्काम नव्हता, शाळेपर्यंतची वाट होती.

शब्द राहिला, अंगण?

1962 मध्ये सरकारने ताराबाईंना पद्मभूषण किताब दिला. 31 ऑगस्ट 1973 रोजी त्यांचे निधन झाले. कोसबाडचे काम अनुताईंनी पुढे नेले. 1982 मध्ये ‘ग्राममंगल’ या संस्थेच्या रूपाने त्याला आणखी एक धुमारा फुटला. 27 सप्टेंबर 1992 रोजी अनुताईही गेल्या. दोघींचेही जाणे पावसाळ्याच्या उताराचे, भात पोटरीला येते त्या दिवसांतले.

ताराबाईंच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1975 रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना 33 ठिकाणी सुरू केली. तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. आज देशात सुमारे चौदा लाख अंगणवाड्या आहेत. एका मराठी बाईच्या कामातून निघालेला एवढा दूर गेलेला दुसरा शब्द सहज आठवणार नाही.

पण शब्द जातो तेव्हा त्याबरोबर अर्थ जातोच असे नाही. आजच्या अंगणवाडीचा बराच वेळ पोषण आहार, वजनाच्या नोंदी, लसीकरण आणि कागदपत्रे यांत जातो. ही कामे मोलाची आहेत. कुपोषणाने ग्रासलेल्या जव्हार-मोखाड्यात तर जिवाची आहेत. ती करणाऱ्या सेविकेला मात्र अजून पगार नाही, मानधन आहे. ज्या बाईने गाणे म्हणावे, गोष्ट सांगावी, मातीत पोरांचे हात घालावेत, तिचे हात नोंदींत गुंतलेले असतात. अंगण चौकटीत आले, आणि चौकटीत आलेल्या अंगणाला पुन्हा उंबरठा आला.

तरीही वाट पुसली गेलेली नाही. वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर ‘विधायक संसद’ने भोंगाशाळा चालवल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरच्या मजुराची झोपडी. कुरणशाळेचा हा भट्टीवरचा अवतार. स्थलांतरित कुटुंबांची मुले गावीच राहावीत म्हणून पुढे हंगामी वसतिगृहांची योजनाही आली. आणि 2020 च्या पावसाळ्यात व शरदात, साथीमुळे सगळ्या शाळांना कुलपे लागली तेव्हा, ज्या पाड्यांवर मोबाईलला रेंज नव्हती तिथे कित्येक शिक्षक स्वतः होऊन गेले. कुणाच्या ओट्यावर, कुणाच्या अंगणात, झाडाखाली चार-सहा मुले घेऊन बसले. वरून आदेश येण्यापूर्वीच अनेकांनी हे केले. त्यांतल्या किती जणांना ताराबाई ठाऊक होत्या कोण जाणे. पण ते चालत होते ती वाट ताराबाईंचीच होती.

2014 मध्ये ठाणे जिल्ह्याची वाटणी झाली. बोर्डी आणि कोसबाड पालघर जिल्ह्यात गेले. भिवंडी आणि टेमघर ठाण्यात राहिले. पण मुले जिल्ह्यांच्या हद्दी जुमानत नाहीत. दिवाळीनंतर पालघरच्या पाड्यावरून निघालेले मूल भिवंडीच्या भट्टीवर पोचते, तेव्हा ते एका कार्यालयाच्या वहीतून निघून दुसऱ्या कार्यालयाच्या वहीत न पोचण्याच्या मधल्या जागेत असते. ती मधली जागा हेच आजचे कुरण आहे. तिथे गुरांऐवजी ओल्या विटांच्या रांगा असतात, आणि मूल काठीऐवजी धाकट्या भावंडाला सांभाळत बसलेले असते. गळ्यात पाटी नाही, पण डोळे तेच.

येत्या शरदात टेमघरच्या, भिवंडीच्या किंवा आणखी कुठल्या शाळेत सहामाहीनंतरचा पट उघडला जाईल, तेव्हा पुसट होत गेलेल्या नावांपुढे गैरहजेरीच्या खुणा पडतील. त्या खुणा मुलांच्या नावापुढे मांडण्याची आपली रीत जुनी आहे. ताराबाई मोडकांनी त्या शाळेच्या नावापुढे मांडल्या, आणि झोळी खांद्याला लावून शाळेला हजेरी द्यायला कुरणात पाठवले. त्यांच्या आठवणीसाठी पुतळा उभारण्याची गरज नाही. भट्टीवर पोचलेल्या मुलाचे नाव जवळच्या शाळेच्या पटावर त्याच आठवड्यात चढले, तरी पुष्कळ झाले.